ट्रेचं तोंड

विनिपेगच्या उत्तर टोकाला आमची शाखा,
शाखेत जिन्याखाली हे यंत्र.
बाहेर उणे एकतीस. आत आलेल्या माणसाचा
आधी चष्मा पांढरा होतो,
मग तो आंधळ्यानंच विचारतो, प्रिंट कुठे मिळेल?

पुस्तक कुठे आहे विचारणारे कमी झालेत.
मला त्याचं वाईट वाटायचं. आता तितकंसं नाही.

यंत्राच्या अंगावर अकरा सूचना होत्या,
त्यातल्या नऊ माझ्या हातच्या.
आधी कार्ड, मग पिन, मग नाणी.
नोटा घालू नयेत.
खाली लाल शाईत: नोटा घालू नयेतच.
चिकटपट्टीवर चिकटपट्टी,
आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं
एकेक काढा सांगून जावा तशी.

ऑस्टॅप ह्रिनचुक, वय शहात्तर,
बहिणीच्या अंत्यविधीला निघाले होते. विमानाचं तिकीट,
एकच पान हवं होतं.
यंत्रानं सतरा दिली.
पहिल्यावर तिकीट, मग पंधरा पानं हॉटेलं, समुद्रकिनारे,
हसणारी जोडपी,
आणि शेवटचं कोरंच, कोपऱ्यात फक्त
सतरापैकी सतरा.
त्यांनी हातमोजा दातांत धरला
आणि दहा-दहा सेंटांची सतरा नाणी मोजली.
म्हटलं, राहू द्या हो.
तोंडातला मोजा काढून म्हणाले, छापलंय ना?
तिकीट घडी करून खिशात. बाकीची सोळा
रद्दीच्या खोक्यात, कडा जुळवून.

मग मीटिंग झाली.
नवं यंत्र घ्यावं, ॲप काढावं,
भिंतीवर चौकोनी कोड लावावा.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.
थोरा ब्यार्नासन म्हणाली (नवीन आलेली, गिमलीची, कमी बोलणारी),
मी शनिवारी तिथे बसते.
काय करायला?
बसायला.

दहा ते पाच, स्टुलावर. वहीत नुसत्या रेघा.
संध्याकाळी मला दाखवली:
पिन विसरले, तेवीस.
घाबरून दोनदा दाबलं, अकरा.
पान अडकलं, चार.
आणि एक रेघ, जिच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

ती डेलोरिस फ्लेटची.
कोर्टाचा अर्ज होता, नवऱ्यानं शंभर मीटर
लांब राहावं म्हणून.
ट्रेचं तोंड दाराकडे, म्हणजे रांगेकडे,
आणि पानं छापील बाजू वर करून येतात.
वाऱ्यात काडी पेटवताना तळवे धरतो आपण,
तशी ती अख्खी यंत्राभोवती धरून उभी होती.
तरी तिसरं पान निसटलं.
मागच्या पोरानं उचलून दिलं.
पोरगा भला होता.
पण वाचता येत होतं त्याला.

सोमवारी उघडायच्या आधी
आम्ही दोघींनी टेबल फिरवलं. खर्च शून्य,
माझ्या कमरेत एक चमक.
आता ट्रे भिंतीकडे बघतो,
मधे एका माणसापुरती जागा.
मग नाण्याच्या कडेनं डिंक खरवडला,
एकेक सूचना सोलून काढली.
माझी लाल शाईची निघता निघेना.

छापण्याआधी पानं दाखवायची सोय पुढे झाली,
वरून सह्या येईपर्यंत बर्फ वितळलं.
रोज पाच पानं फुकट, हेही तेव्हाच.
ह्रिनचुक आजही दहा सेंट काउंटरवर ठेवून जातात.
आम्ही बरणी ठेवलीय. ज्याचे सुटे कमी पडतील
त्यानं त्यातून घ्यावेत.

यंत्रावर एकच कागद उरलाय:
अडलं तर हाक मारा, आम्ही इथेच आहोत.
थोराचं अक्षर, किंचित डावीकडे कललेलं.
रद्दीच्या खोक्यातलं वरचंच पान घेतलं होतं तिनं.
दुपारी खिडकीतून ऊन आलं
की कागदाच्या पाठचं दिसतं, उलटं,
सतरापैकी सतरा.