काट्याच्या अलीकडं

मी मिलच्या वजनकाट्यावर बसतो.
भरला ट्रक आत येतो, आकडा लिहितो.
रिकामा बाहेर जातो, आकडा लिहितो.
दोन आकड्यांच्या वजाबाकीत
परतूरचे पत्रे असतात, सेलूच्या खिडक्यांचे गज,
एका दवाखान्याची खाट,
जिचा रंग फक्त उशाकडं गेलेला.

भट्टी साडेसहाला नवा घास मागते.
त्याच्या आत एखादी वस्तू मी
काट्याच्या अलीकडं ओढून घेतो.
जब्बारभाई किलोनंच लावतो, ओळख धरत नाही.
"गंज झाडून तोला की," मी म्हणतो.
"गंज बी लोखंडच हाय साहेब, थकलेलं."

अशी आमच्या हॉलची भिंत भरत गेली.

घासलेटचं माप, रेशन दुकानातलं,
बुडाला पोचा. पडून आला की पाडून घेतला,
ते दुकानदारालाच ठाऊक.
एसटीच्या थांब्याची पाटी : गावाचं नाव खाल्लं गेलंय,
'विनंती' तेवढं शाबूत.
निजामाच्या वक्ताचं अच्छेराचं वजन,
त्यावरची उर्दू जब्बारभाईनं चष्मा पुसपुसून पाहिली
आणि परत केलं : "हर्फ गेले."
मी मात्र सवयीनं तोललं.
अच्छेरात तीन तोळे कमी भरलं.
इतकी वर्षं कुणालाही न फसवता
ते आपलं आपण हलकं होत गेलेलं.

आमच्याकडचा गंज कोरडा.
नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात
तो घाई करत नाही.
जुन्या करंड्याच्या तळाशी कुंकू धरतं, तसा धरतो.
मी घासत नाही. रविवारी
जवसाच्या तेलाचं बोट फिरवतो, बस्स.

प्रयागा म्हणायची, "लोक शोकेस करायलेत,
तुम्ही भंगार टांगायलाव.
पाहुणे चहा पितानी भिंतीला पाठ लावीनात."
खरं होतं. तिच्या भावाच्या पांढऱ्या सदऱ्यावर
सायकलच्या चाकाचा अर्धा चंद्र उठला होता,
परभणीला पोचेपर्यंत कुणी त्याला सांगितलं नाही.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी
पत्र्याच्या ट्रंकेचं झाकण आलं. नुसतं झाकण.
पांढऱ्या ऑइलपेंटनं, तिरप्या हातानं :
द्वारका मा. टकले, ७ वी ब,
मुलींचे वसतिगृह, अंबाजो
पुढचं गंजानं घेतलेलं.

प्रयागा पोळी लाटता लाटता उठून आली.
पिठाचं बोट त्या 'ब'वर ठेवलं.
"आमच्यात कुलूप नसायचं," म्हणाली,
"कडीला सुतळी. गाठ ज्याची त्याची.
कुणी चिवडा खाल्ला तर गाठीवरून कळायचं."
एकवीस वर्षांच्या संसारात
ही गाठ मला पहिल्यांदा दिसली.
हातोडी तिनंच आणली.
माप उतरवलं, पाटी उतरवली,
झाकण डोळ्यांच्या उंचीवर ठोकलं.
तिच्या डोळ्यांच्या.

रात्री मी तिला सांगितलं :
ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हा सळई आमच्याच मिलची होती.
मंठा रोडला निघालेला ट्रक मीच तोलला.
म्हणजे या खांबात कुणाची खुरपी असतील,
पाळण्याचे आकडे, बिजागऱ्या,
न उघडलेली कुलपं.
ती उठली. गॅस बंद आहे का
बघून येते, तशी अंधारात जाऊन
खांबाला हात लावून आली.
"काय नाही," म्हणाली. "थंड हाय."

आता संध्याकाळी दारातच विचारते, आज काय आलं?
मी टन सांगतो.
ती म्हणते, ते नाही.