मावसभाऊ

देइवित्सेच्या वळणावर ट्राम करकरते
आणि तिसऱ्या मजल्यावर कप बशीत किणकिणतात.
द्राहोमीरानं अजून कोट काढलेला नाही.
क्विडो म्हणतो, जुळलं!
एकशे सत्तावीस किलोज्यूल.
तळघरातल्या भट्टीवर ओत्मारनं मोजलेले
एकशे अठ्ठावीस.

जुळलं खरं, ती म्हणते.
कशानं जुळलं?

झिओलाइट म्हणजे भोकाभोकांचा दगड,
तापवला की घाम फुटणारा.
सिलिकॉनच्या रांगेत एक अ‍ॅल्युमिनियम घुसलं
की शेजारच्या ऑक्सिजनवर प्रोटॉन येऊन बसतो,
उंबऱ्यावर बसावं तसा, अर्धा आत अर्धा बाहेर,
कुणी मेथॅनॉल येईल, उचलून नेईल म्हणून.
ते उचलणं किती जड,
प्रश्न एवढाच.

स्वस्त पद्धत घाट ठेंगणा दाखवते,
तिची ती जुनी खोड.
आणि भिंतीशी सैल लोळणाऱ्या रेणूला
क्विडोनं स्प्रिंगा लावून ताठ बसवलं,
त्यानं तोच घाट पुन्हा वर उचलला.
एका चुकीनं घटवलं, दुसरीनं भरून दिलं.
चोर चोर मावसभाऊ,
एकमेकांना जामीन राहिलेले.

महासंगणकावर मार्चअखेरपर्यंत
दोन लाख तास उरलेत.
अख्खा स्फटिक सगळ्यात महाग पद्धतीनं करायचा
तर उत्तर क्विडोच्या नातवाला मिळेल.
नुसता तुकडा कापून घ्यावा
तर लांबच्या भिंतींची ओढ तुटते.

रोहलिकच्या कागदी पिशवीवर ती पेन्सिल चालवते :
लांबची ओढ स्वस्तात, पण सगळ्या जाळीसकट.
प्रोटॉनभोवतीचे मूठभर अणू,
तिथं हात आखडायचा नाही.
रेणूच्या तीन हालचाली सैल, त्या सैलच सोडायच्या.
बाकीच्या राहू देत ताठ.
तीनच का?
पैसे तिघींपुरतेच आहेत.

एकोणीस दिवस रांगेत. मध्ये एकदा वीज गेली.
मग आकडा आला, एकशे सदतीस.
क्विडोचा चेहरा पडला.
नऊनं हुकलं. चारशे अंशांना नऊ म्हणजे
वेगात पाचपटीचा फरक.
द्राहोमीरानं आकडा वहीत उतरवला,
शेजारी तारीख घातली.

ओत्मार जिना चढून आला, बाह्यांना पांढरी पूड.
आधीचं बरं होतं की, म्हणाला.
तिनं अर्धा रोहलिक त्याच्या हातात दिला.
तो चावत उभा राहिला
पडद्यावरच्या पोकळीसमोर,
कोरडी, लख्ख, एक मेथॅनॉल, एक प्रोटॉन.

बराच वेळ.

तुझ्या दगडात पाणी कुठंय?
नाही.
माझ्यात असतं, तो म्हणाला. रात्रभर भाजलं तरी
थोडं राहतंच.

खाली ट्राम वळली.
तिघांनी आपापला कप धरला.