कच्चा रंग

गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे सुटे होऊन ट्रकवर चढले
आणि शाळेमागचा बदाम लाल व्हायला लागला.
थंडीनं नव्हे. सोलापुरात थंडी
पहाटे येते, नऊच्या आत निघून जाते.
झाडाला तहान आधी कळते.
खालचं पाणी खोल चाललं
की ते वरचा पसारा आवरायला घेतं.

अंबुजा येमूलनं एक अजून हिरवं पान
चिमूटभर वाळू घालून खलात कुटलं,
वर नेलपॉलिश काढायचं पाणी
(ॲसिटोनची बाटली दिवाळीपासून रिकामी,
मागणीपत्र मी दोनदा दिलंय).
फिल्टर पेपरची बोटभर पट्टी, टोक बुडवून उभी केली.
ओल चढली. ओलीबरोबर रंग चढले,
जो तो आपापल्या ताकदीनं.
हिरवा खालीच रेंगाळला,
पिवळा त्याला ओलांडून वर गेला.

तिचे वडील डबा द्यायला आले होते, राजमल्लू.
अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये बावीस वर्षं.
हात कोपरापर्यंत निळे,
नखांतला निळा त्याहून जुना.
दारातूनच म्हणाले, हा पिवळा कुणी टाकला?
कुणी नाही नायना, अंबुजा म्हणाली, होताच.
हिरव्याच्या खाली.

ते आत आले. चपला बाहेर काढून.
आमच्या हौदात हिरवा निळा दिसतो, म्हणाले,
लडी उचलून झटकली, हवा लागली, की हिरवा उमटतो.
रंग लपतो हे मला ठाऊक आहे.
पण इतके महिने?

मग मी, मास्तर नसून, सांगत सुटलो.
की हिरवा रोज उन्हात मोडतो,
झाड रोज नवा घालतं,
आणि एके दिवशी घालायचं थांबतं.
जुन्या हिरव्यात नत्र असतं, ते फुकट कोण टाकेल?
ते सोडवून शिरांमधून मागे फांदीत नेतात,
तोवर देठाशी बुचासारखी एक भिंत
पेशी पेशीनं उभी राहत असते.
आपण पिकलं पान म्हणतो आणि मोकळे होतो.
आत हिशेब चालू असतो.

आणि हा लाल?
खिडकीतून हात घालून त्यांनीच एक पान तोडलं,
चुरून गरम पाण्यात टाकलं. पाणी गुलाबी झालं.
न विचारता बरणीतला सोडा घेतला, चिमूटभर.
गुलाबी निळसर झालं, मग हिरवट, मग काहीच्या काही.
कच्चा, ते म्हणाले. सोड्यात उभा राहत नाही.
असला माल आमच्याकडे परत येतो.

लाल नवा असतो, मी म्हटलं. आधीपासूनचा नाही.
वाट अरुंद होते, साखर पानात अडकते,
तिच्यातून शेवटी शेवटी बनवतात.
पंधरा दिवसांसाठी?
पंधरा दिवसांसाठी कुणी रंगखाना काढतं?

पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं
की जाणकारांत एकमत नाही.
कुणी म्हणतात किड्यांना भिववायला,
कुणी म्हणतात उन्हापासून.
मी तेवढंच वाचून दाखवलं.

राजमल्लू बराच वेळ बदामाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, गोदाम रिकामं करताना
आम्ही ताडपत्री टाकतो वर.
सूत निघेपर्यंत ऊन लागायला नको.
ताडपत्रीला पक्का रंग कशाला?

बेसिनवर हात धुतले, सवयीनं, दोनदा.
पाणी स्वच्छच वाहिलं.
डबा टेबलावर ठेवून गेले.

पट्टी अंबुजानं जर्नलमध्ये चिकटवली,
खाली पेन्सिलनं नावं लिहिली.
फेब्रुवारीअखेर बाहेरचे परीक्षक आले,
पान उलटून थांबले. कागदावर
एक फिकट पिवळा डाग आणि खाली मातकट रेघ.
यात हरितद्रव्य कुठाय?
होतं सर, ती म्हणाली.
त्यांनी दहापैकी सहा दिले.
बाहेर शिपाई बदामाची पानं गोळा करून पेटवत होता,
आणि धूर सगळ्याच पानांचा
एकसारखा निघत होता.