सातव्या दाराची राखणदारीण

छत्तीस वेळा मेलो मी तिच्या हातून,
त्या खेळातल्या किल्ल्यात, सातव्या दारापाशी.
सदतिसाव्यांदा खेळ थांबवला
आणि तिचं तोंड काढायला घेतलं.
पॅड हप्त्यावरचा. पेनाचं टोक झिजलेलं.

दिवसभर मी कन्ना चौकात फ्लेक्स करतो.
वाढदिवस, निवड, भावपूर्ण श्रद्धांजली.
फोटो येतो मोबाइलवरून,
दाणेदार, उन्हात डोळे बारीक केलेला.
मी सुरकुत्या पुसतो, वांग पुसतो,
माणूस दोन घरं गोरा करतो,
गालावर उजेड ठेवतो लोण्यासारखा.
गड्डमशेठ म्हणतात, "हां, आता वाटतो नेता."
श्रद्धांजलीलाही तीच रीत.
मेलेला माणूस जित्यापेक्षा तुकतुकीत होऊन
चौकात दहा दिवस लटकतो.

तर माझी राखणदारीणही तशीच झाली.
चिलखत जमलं. ढालीवरचा गंजसुद्धा जमला.
पण तोंड म्हणजे
नगरसेविकापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मऊ ब्रश फिरवत गेलो, फिरवतच गेलो.
सावली हवी म्हणून काळा घेतला,
हनुवटीखाली काजळी धरली.
उजेड हवा म्हणून पांढरा. नाकावर पीठ सांडलं.
डावा डोळा बरा आला होता,
तोच उलटा करून उजवीकडे चिकटवला.
आता ती बघते, पण कुणाकडेच नाही.

इरेशनं बघितलं, चहाचा ग्लास खाली ठेवला.
"हिला कोण घाबरंल बे?
ही तर मत मागायला आलीय."

मे महिना. त्या संध्याकाळी लाइट गेली.
पॅड गरम झाला होता, तो पालथा ठेवून बाहेर आलो.
आई उंबऱ्यावर, मांडीवर सूप, विड्या वळत होती.
उतरतं ऊन सुपात पडलं होतं
आणि तिथून उडून तिच्या तोंडावर, खालून वर.
हनुवटीखाली काळं नव्हतंच काही.
तिथं पानांचा हिरवट तपकिरी रंग होता,
आणि कानाजवळ, समोरच्या दोरीवरच्या
टॉवेलांचा थोडा केशरी.
नाकाचा शेंडा गालापेक्षा लाल.
उजवा डोळा डाव्यापेक्षा एक दोरा खाली.
चोवीस वर्षं हे तोंड बघतोय मी.
म्हणजे बघत नव्हतो.

"काय बघतोस रे? तंबाखू लागलीय का तोंडाला?"
लागली होती.
म्हटलं, राहू दे, पुसू नको.
तिनं पुसलीच.

लाइट आली रात्री अकराला.
मऊ ब्रश बंद. काळा रंग बंद.
दोनच रंग घेतले आधी, उजेडाचा आणि अंधाराचा,
कडक काठाचे, कात्रीनं कापल्यासारखे.
चित्र लहान करून बघितलं, टपालाच्या तिकिटाएवढं;
ओळखू येते का बाई? येते.
आरशासारखं उलटं करून बघितलं
आणि जबडा धाडकन एका बाजूला कोसळला.
तो उचलून जागेवर आणायला दोन तास.
डोळे वेगवेगळे काढले, सख्खे पण जुळे नव्हेत.
दाराच्या मशालीचा उजेड
चिलखतावरून उडवून हनुवटीखाली नेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक श्रद्धांजली आली.
मागावर आयुष्य गेलेले कोणी नरसय्या कोंड्याल.
कपाळावर जुनी खोक, भुवईपर्यंत आलेली.
मी ती राहू दिली.
पोरगा आला, बघितलं, म्हणाला, हे काढा.
म्हटलं, वडलांची आहे.
म्हणाला, म्हणूनच काढा.
काढली. त्याचं तोंड, त्याचे वडील, त्याचे पैसे.

पण खोक वाया नाही जाऊ दिली.
रात्री राखणदारणीच्या कपाळावर दिली,
भुवईपर्यंत, एका फटक्यात, परत हात न लावता.
आता ती दमलेली दिसते.
कितीतरी वर्षं त्या एका दारात उभी असल्यासारखी;
माझ्यासारखी छत्तीस पोरं
रोज मारायचा कंटाळा आल्यासारखी.

इरेशला अजून दाखवलं नाही.
नाक चुकतंय.