थेंबांआधी, थेंबांनंतर

गिरेसून. सकाळचे नऊ.
मुझेय्येनबाई हनुवटी टेकवतात यंत्रावर.
डॉक्टर फेरहुंदे उजेडाची बारीक चीर पाडते
आणि मोजते बाहुलीपुढल्या पाण्यात
तरंगणाऱ्या पेशी,
कवडशातल्या धुळीसारख्या.
"बावीस."

मग थेंब. चरचर. वीस मिनिटं बाकावर.
बाहुली फाकत जाते,
हातातली चिठ्ठी आधी पुसट,
मग नुसतीच पांढरी.

पुन्हा हनुवटी. "चौदा."
"म्हणजे उतरलं?"
"नाही हो. थेंबांनी आकडा हलतो,
आजार तिथंच."

मुझेय्येन हसतात.
चाळीस वर्षं हेझलनट तोलले त्यांनी;
ओला माल जड भरतो, ठाऊक आहे.
"मग कोरडाच लिही, पोरी,"
म्हणतात, आणि उन्हात निघतात
कपाळावर हात धरून,
समुद्र नुसता ऐकत.