नऊ नंबरचा डबा

मी सिनेमे पाहिले ते भोकातून.
पत्र्याच्या केबिनला वीतभर भोक,
मागं कार्बनच्या कांड्यांचा जाळ, पुढं सारंगखेड्याची थंडी,
तंबूबाहेर घोड्यांची फुरफुर.
झुंबरशेठनं आणलेली प्रिंट झिजून झिजून
सोळा डब्यांची दहावर आलेली.
हिलालमामा म्हणायचा, गोष्ट समजली नाही तरी चालेल,
डबा समजला पाहिजे.

मला दोन्ही समजायला लागलं, एकाच हंगामात.
पहिल्यात चूल, आई, दारात बांधलेली शेळी.
मग कुणीतरी येतं, चिठ्ठी घेऊन, जखम घेऊन,
किंवा नुसताच धुरळा.
तिसऱ्यात तो म्हणतो, मी नाही जाणार.
चौथ्यात जातो.
दर हिवाळ्यात नवा सिनेमा, नवा शर्ट, नवी मोटारसायकल,
एका वर्षी पोलीस, एका वर्षी चोर;
चौथा डबा तोच.

उखाबाबा तिकीट काढायचा नाही.
कानबाईच्या रात्री वह्या म्हणून म्हणून घसा गेलेला.
केबिनच्या पत्र्याला पाठ लावून बसायचा, उबेला,
आणि पडद्याकडं न बघता सांगायचा,
“आते याले बुढा भेटी.”
म्हातारा भेटायचा.
“आते पानी.”
पूर यायचा, किंवा समुद्र, एकदा तर नुसता हौद,
पण नायक त्यात बुडायचा आणि वर यायचा वेगळाच.
बाबा, हा सिनेमा पाहिलाय?
“देखेल नही. गायेल शे.”

दत्तजयंतीच्या आदल्या रात्री बोटं बधिर झाली होती.
डब्यांवरचे आकडे ऑइलपेंटचे, इंग्रजी;
सहा उलटा धरला की नऊ.
मी उलटा धरला.

पाच संपला आणि नायक थेट घरी आला.
आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला,
लोकांनी शिट्ट्या मारल्या.
मग तो लढला, जिंकला,
आणि नवव्याच्या जागी नदी आली.
नावेत एक पाय ठेवून तो म्हणाला, येतो गं.
लोकांनी पुन्हा शिट्ट्या मारल्या.
समाप्त.

मी घामानं भिजलेला, मामाच्या चपलेची वाट बघत.
मामा बाहेर बिडी ओढत होता, त्याला पत्ताच नाही.
झुंबरशेठ गल्ला मोजत होता.
फक्त ठगूबाई आली, मुरमुऱ्यांची पाटी डोक्यावर.
पोरा, तो घरी आला होता ना?
मग परत कसा काय गेला?
तिचा आंडोर सुरतेला, मागावर. दिवाळीत आला होता.
मी डबे मोजत राहिलो.
उत्तर पत्र्यापलीकडून आलं,
“घर उना तो बठ्ठा उना नही, माय.
थोडा तठेच ऱ्हायना.”

आता जळगावच्या मॉलमध्ये मी चष्मे पुसतो, थ्रीडीचे.
सिनेमा वायरीतून येतो, त्याला डबे नाहीत.
नायक अंतराळात, काचेच्या टोपात.
टॉर्च विझवून मी पायऱ्यांवर उभा राहतो
आणि मोजतो.
तीन.
शेजारचा पोरगा पॉपकॉर्न विसरून पुढं सरकतो.
चार.
अंगावर अजून काटा येतो, खोटं कशाला सांगू.

मी स्वतः कुठं गेलो नाही.
मामानं नंदुरबारच्या फलाटावर विचारलं होतं,
चलतोस का, गुजरातेत चार तंबू आहेत.
म्हणालो, म्हैस व्यायची आहे.
गाडी हलली. पुढचं रीळ कुणी लावलंच नाही.

तंबू मोडला तेव्हा शेठनं पगाराऐवजी
रिकामा डबा दिला, नऊ नंबरचा.
बायको त्यात बिबडे ठेवते.
परवा हर्षल आला पुण्याहून, तीन दिवसांसाठी.
आज तिनं डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं.
रस्त्यात निघायला नको म्हणून
त्यानं तो बॅगेत
उलटा ठेवला.