हमाल

ब्रांदुर, आज तुझ्या गावाहून एकशे चौदा नळ्या आल्या.
बर्फाच्या पेटीतून, सकाळच्या बोटीनं,
पेटीवर कुणीतरी लोकरीचं गाठोडं ठेवलेलं.
तुझं गाव म्हणते मी. माझंही होतं.

नावं वाचत जाते.
टोरा, जिच्या बटाट्यांत आपली मेंढी हटकून घुसायची.
म्हातारा सुन्लायवुर, जन्मभर वादळात नाव घातली
आणि सुईसमोर म्हणे डोळे मिटून घेतले.
लेबलावरचं अक्षर नर्सचं, घाईतलं.

ज्याला शोधतेय तो अगदीच किरकोळ.
प्रथिनांसारखा घडीवर घडी घालून ऐटीत बसत नाही,
डीएनएसारखी वंशावळ बाळगत नाही.
सात कार्बन, तीन ऑक्सिजन, एकटा नायट्रोजन,
हायड्रोजन पंधरा.
नाव कार्निटिन, मांसावरून पडलेलं.
काम हमालाचं.
चरबीचा ओंडका पाठीवर घ्यायचा,
पेशीतल्या भट्टीच्या दारातून आत सारायचा,
रिकाम्या पाठीनं परत फिरायचं पुढच्या ओंडक्याला.

तू दोन दिवस तापात होतास.
सूप नको म्हणालास, पाव नको म्हणालास.
यकृताच्या तळाशी उरलेली साखर
अंगानं चिमटी-चिमटीनं खरवडून घेतली असेल,
आणि मग चरबीकडे हात नेला असेल.
चरबी होती, ब्रांदुर.
एकोणीस वर्षांचा, वल्ही मारणारा तू,
महिनाभर पुरली असती.
भट्टीच्या दाराशी ओंडक्यांचा ढीग,
आणि उचलायला कुणीच नाही.

आईनं कॉफी ठेवली. तुला हाक मारली.
पुन्हा मारली.

त्या पहाटे घरामागच्या फळ्यांच्या खोपटात
मेंढ्यांच्या नऊ मांड्या वाऱ्यावर लटकत होत्या,
याच रेणूनं गच्च.
फटींतून खारं वारं आत येत होतं,
मांसातली प्रथिनं हळूहळू सुटी होत होती,
ज्याला आपण चव येणं म्हणतो ते चाललं होतं.
दफनानंतर लोकांना तेच वाढलं.
मीही खाल्लं. भूक लागली होती मला.

चूक एका अक्षराची.
कुठल्याशा नावेतून आलेल्या कुणाच्या तरी अंगात
तीन अब्ज अक्षरांतलं एक बदललं.
पुढे डोंगर आडवे, समुद्र खवळलेला,
सोयरीक पलीकडच्या खाडीपर्यंतच.
एक प्रत आईकडे आली, एक बाबांकडे.
दोघंही ठणठणीत. बाबा अजून गवत कापतात.
तुझ्यात त्या दोन प्रती एकमेकींना भेटल्या.
माझ्या वाट्याला एकच.

मूत्रपिंडानं जे गाळून परत आत ओढायचं
ते तुझ्यातून वाहून जायचं, रोज, गुपचूप.
फुटक्या रांजणात किती मेंढ्या ओतणार?

पाद्रीबुवा म्हणाले, झोपेत गेला, सुखानं गेला.
तेव्हा राग आला होता.
आता वाटतं, त्यांच्याकडे निदान ते शब्द होते.

यंत्र आकडे टाकतं. बावीस. एकोणतीस. अठरा.
सुन्लायवुर सव्वीस, घाबरायचं काही कारण नाही म्हाताऱ्या.
त्र्याऐंशीव्या नळीला दोन.
पुन्हा लावते. दोन.
सुन्वा, वय अकरा.

अशा वेळी कळवायचं काम डॉक्टरचं असतं.
डॉक्टर बेटावर नव्हते. फोन मी केला.
तिची आई आधी गप्प. मग, काय करायचं?
पांढरी पूड, म्हटलं, पाण्यातून, दिवसातून तीनदा.
आणि आज रात्री उपाशी झोपवू नका.
किती दिवस? कायम.
एवढंच?
एवढंच, म्हटलं, आणि टेबलाची कड धरली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून सांगितलं,
त्या पुडीनं अंगाला माशासारखा वास येतो कधी कधी.
पलीकडे जरा वेळ नुसता वारा.
मग ती हसली.
म्हणाली, आमच्या गावात कुणाला कळणार आहे?